बाबांच्या ‘लिव्हरच्या गोळ्या’ : व्हिटॅमिन ई, ए, ग्रीन टी अर्क आणि वाढलेलं एसजीपीटी

नाचणीसत्व (मंगळवार, रात्री १०:१२)

नमस्कार मंडळी. एरवी मी पाककृतींच्या धाग्यांवर पडीक असते, आरोग्य विभागात पहिल्यांदाच लिहितेय. लांबण लागणार आहे, सांभाळून घ्या.

बाबा ६३ वर्षांचे, बँकेतून निवृत्त, नाशिकला असतात. आठ वर्षांपासून डायबेटिस, मेटफॉर्मिन चालू. मार्चमध्ये पोटाची सोनोग्राफी केली तर ‘ग्रेड २ फॅटी लिव्हर’. एसजीपीटी (यकृताला इजा झाली की रक्तात वाढणारं एन्झाइम) ७८. दारूला कधी हात लावला नाही, त्यामुळे त्यांना हा सरळसरळ अन्याय वाटला. डॉक्टर म्हणाले, सहा-सात किलो वजन उतरवा, रोज चाला, गोड आणि मैदा बंद, तीन महिन्यांनी भेटा. औषध काहीच लिहून दिलं नाही. तिथेच बाबांचं बिनसलं. चिठ्ठी कोरी म्हणजे फी पाण्यात, असा त्यांचा हिशोब.

एप्रिलमध्ये आतेभाऊ न्यू जर्सीहून आला. बॅगेतून चॉकलेटांच्या आधी तीन बाटल्या निघाल्या. “मामा, तिकडे सगळे घेतात. नुसती व्हिटॅमिन्स आहेत, साइड इफेक्ट शून्य.” दुसऱ्या दिवसापासून बाबांचा कार्यक्रम सुरू : सकाळी अनशापोटी लिंबूपाणी आणि गोळ्या. त्यांच्याकडे सात कप्प्यांचा प्लास्टिकचा डबा आहे, झाकणांवर स्केचपेनने सो-मं-बु लिहिलेलं. मेटफॉर्मिन एका बाजूला सरकवून या पाहुण्यांना जागा करून दिली.

जूनमध्ये रिपोर्ट आला. एसजीपीटी २१२, एसजीओटी १४६. वजन मात्र दोन किलो उतरलेलं! डॉक्टरांनी विचारलं, नवीन काही औषध चालू केलंय का? बाबा म्हणाले, नाही. त्यांच्या लेखी ते खरंच होतं, कारण व्हिटॅमिन म्हणजे औषध थोडंच. आईने रात्री मला फोन करून बाटल्यांचं सांगितलं.

लेबलं वाचून घेतली ती अशी. पहिली बाटली : व्हिटॅमिन ई २६८ मिग्रॅ, पुढे ४०० आययू (व्हिटॅमिन मोजायचं आंतरराष्ट्रीय एकक). रोज दोन घेत होते. दुसरी ‘अँटीऑक्सिडंट फॉर्म्युला’ : व्हिटॅमिन ए ३००० मायक्रोग्रॅम, सी ५०० मिग्रॅ, सेलेनियम २०० मायक्रोग्रॅम. तिसरी ‘लिव्हर सपोर्ट’ : ग्रीन टी अर्क, काळ्या मिरीच्या अर्कासह कर्क्युमिन, आणि मिल्क थिसल ही वनस्पती.

माझा गोंधळ असा, की नेटवर तर व्हिटॅमिन ई फॅटी लिव्हरला चालतं असं मोठमोठ्या संशोधनाच्या हवाल्याने लिहिलंय. मग हे वाढलं कसं? कुठली बाटली बंद करायला सांगू?

चहात_बुडालेलं_बिस्कीट (मंगळवार, रात्री १०:३१)

भाच्याने आणलेली गोळी आणि जावयाने आणलेला शर्ट, दोन्ही मापाचे नसले तरी घालावेच लागतात.

गंमत राहू दे ताई, बाबा बरे आहेत ना? जुन्या एमडींना हाक मारतो.

जुना_एमडी (मंगळवार, रात्री ११:०५)

नाचणीसत्व, तिन्ही बंद. उद्यापासून नाही, आजच. कुठली दोषी ते नंतर बघू. मेटफॉर्मिन तुमच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका, उत्साहाच्या भरात तेही कप्प्यातून काढाल.

दुसरं, तिन्ही बाटल्या पिशवीत घालून डॉक्टरांसमोर टेबलावर ठेवा. नावं सांगू नका, बाटल्या दाखवा. चाळीस वर्षांच्या प्रॅक्टिसमध्ये ‘काही घेत नाही हो’ म्हणणाऱ्या पेशंटच्या पिशवीतून मी काय काय निघालेलं पाहिलंय.

तिसरं, बिलिरुबिन (कावीळ झाली की वाढणारं पिवळं द्रव्य) आणि आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचा आकडा) किती आहे? एन्झाइम वाढणं वेगळं आणि त्यासोबत बिलिरुबिन वाढणं वेगळं. डोळे पिवळे, लघवी गडद, अंगाला खाज, मळमळ, अन्नावरची वासना उडणं, यातलं काही असेल तर हा धागा मिटा आणि दवाखाना गाठा. इथे बसून निदान करणार नाही.

नाचणीसत्व (बुधवार, सकाळी ७:४८)

धन्यवाद डॉक्टरकाका. बिलिरुबिन ०.९, आयएनआर केलेला नाही. कावीळ वगैरे काही नाही, भूक तर दणकून आहे. डबा आईने रिकामा केला. बाबा रुसलेत.

आकडेमोड (बुधवार, सकाळी ९:२०)

व्हिटॅमिन ई बद्दल तुम्ही वाचलंत ते खोटं नाही. पण त्यातला ‘कोणाला’ हा शब्द वाटेत सांडलेला असतो. क्लिनिकल ट्रायलचे आकडे हाताळणं हेच माझं पोटापाण्याचं काम, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तो मोठा हवाला म्हणजे ‘पिव्हेन्स’ ही अमेरिकेतली चाचणी, २०१० साली प्रसिद्ध झाली. २४७ माणसं, तीन गट : एकाला व्हिटॅमिन ई रोज ८०० आययू, दुसऱ्याला पायोग्लिटाझोन हे डायबेटिसचं औषध ३० मिग्रॅ, तिसऱ्याला नुसती दिखाऊ गोळी. ९६ आठवडे. आधी आणि नंतर सुई घालून यकृताचा तुकडा काढून तपासला (बायोप्सी). ई च्या गटात ४३ टक्के लोकांचं यकृत ठरवलेल्या निकषांवर सुधारलं, दिखाऊ गोळीच्या गटात १९ टक्के. हा फरक खणखणीत आहे.

आता बारीक अक्षरं वाचा. एक, डायबेटिस असलेल्यांना चाचणीत घेतलंच नव्हतं. सिरॉसिस (यकृत कडक होऊन निकामी होत जाणं) असलेल्यांनाही नाही. दोन, सगळ्यांना बायोप्सीने सिद्ध झालेला ‘नॅश’ होता, म्हणजे चरबीबरोबर सूज आणि पेशींची इजा. सोनोग्राफीतलं ‘ग्रेड २’ म्हणजे यंत्राला यकृत किती पांढरं दिसलं एवढंच; आत सूज आहे का, हे त्यावरून कळत नाही. तीन, चरबी आणि सूज कमी झाली, पण फायब्रोसिस म्हणजे व्रणासारखं जे कडक जाळं यकृतात तयार होतं, त्यात म्हणावा असा फरक पडला नाही. आणि पुढे सिरॉसिस होणार की नाही, हे मुख्यतः त्या जाळ्यावरच ठरतं.

८ ते १७ वयाच्या १७३ मुलांवर ‘टॉनिक’ नावाची चाचणी २०११ ची. तिथे गंमतच झाली. एसजीपीटी टिकून खाली आणण्याचं मुख्य उद्दिष्ट ई ला साधलंच नाही, पण बायोप्सीत नॅश निवळलेली मुलं ई च्या गटात ५८ टक्के, दिखाऊ गोळीच्या गटात २८ टक्के. म्हणजे एसजीपीटीच्या आकड्यावर फार नाचूही नये आणि रडूही नये.

तुमचे बाबा डायबेटिक, बायोप्सी नाही. त्यांच्यासारख्या माणसाचं उत्तर पिव्हेन्समध्ये नाही.

रानभाजी (बुधवार, सकाळी १०:०२)

सुंदर प्रतिसाद. भाबडा प्रश्न : अँटीऑक्सिडंट चांगलं असतं ना? लहानपणापासून ज्यूसच्या खोक्यावर वाचत आलोय.

जुना_एमडी (बुधवार, दुपारी २:१५)

रानभाजी, हा प्रश्न भाबडा नाही.

यकृताच्या पेशीत चरबी साठली की ती जाळताना मायटोकाँड्रिया, म्हणजे पेशीतल्या भट्ट्या, धूर सोडतात असं समजा. या धुरातले रेणू पेशीच्या पडद्यातल्या चरबीला भिडतात आणि ती खवट करतात, जुन्या शेंगदाण्याच्या तेलासारखी. व्हिटॅमिन ई चरबीत विरघळतं, त्यामुळे नेमकं त्या पडद्यात जाऊन बसतं आणि खवटपणाची साखळी तोडतं. कल्पना म्हणून निर्दोष.

अडचण अशी, की तो धूर नुसता कचरा नाही. शरीर त्याचाच इशारा म्हणूनही वापर करतं. आणि ‘अँटीऑक्सिडंट’ हे काही एकाच जातीचं द्रव्य नाही. एनएसी नावाच्या औषधाचं उदाहरण घ्या. पॅरासिटामॉल भसाभस खाल्लं की यकृतात एक विषारी पदार्थ तयार होतो, त्याला निष्प्रभ करता करता ग्लुटाथायोन या शरीराच्या स्वतःच्या अँटीऑक्सिडंटचा साठा संपतो आणि पेशी मरायला लागतात. एनएसी तो साठा भरून काढतं. पहिल्या आठ तासांत दिलं तर यकृत जवळपास हमखास वाचतं. हे मी डोळ्यांनी पाहिलंय, परीक्षेत नापास झालेली पोरगी होती, चौथ्या दिवशी चालत घरी गेली. म्हणजे अँटीऑक्सिडंट यकृत वाचवतं, हे खरंच. पण तिथे काय संपलंय हे माहीत असतं, तेच आणि वजनाच्या हिशोबाने देतात. ‘सगळं थोडं थोडं घ्या, चांगलंच असतं’ हे त्याच्या नेमकं उलट.

आकडेमोड (बुधवार, दुपारी ३:४०)

काकांना जोड. कॉक्रेन या चाचण्यांचे पुरावे एकत्र तपासणाऱ्या संस्थेचा २०११ चा आढावा खास याच विषयावर आहे : बीटा कॅरोटिन, ए, सी, ई आणि सेलेनियम, यकृताच्या आजारांत. २० चाचण्या, १,२२५ माणसं. मद्यजन्य आजार, विषाणूजन्य हिपॅटायटिस, सिरॉसिस वगैरे. मृत्यू कमी झाल्याचा पुरावा मिळाला नाही, उलट गॅमा जीटी हे एन्झाइम गोळ्या घेणाऱ्यांत वाढलेलं निघालं. बऱ्याच चाचण्या लहान आणि ढिसाळ होत्या हेही त्यांनीच लिहिलंय, म्हणून मी ‘अपाय सिद्ध झाला’ म्हणणार नाही. ‘फायदा सिद्ध झालेला नाही’ एवढं मात्र ठामपणे म्हणेन.

ई च्या जादा डोसबद्दल ‘सिलेक्ट’ चाचणी आठवा. ३५,००० हून जास्त पुरुष, रोज ४०० आययू. प्रोस्टेटचा कॅन्सर कमी होईल या आशेने सुरू केली होती. २०११ मध्ये निकाल आला : ई घेणाऱ्यांत तो १७ टक्क्यांनी जास्त.

मिरजेचे_अण्णा (बुधवार, सायंकाळी ६:२५)

माझे वय ७१. पोटऱ्यात गोळे येतात म्हणून मेडिकलवाल्याने दोन वर्षांपूर्वी हिरवी ४०० ची कॅप्सूल सांगितली, तेव्हापासून रोज रात्री एक. वाल्व बदललेला आहे, रक्त पातळ राहावे म्हणून अ‍ॅसिट्रॉम चालू आहे. अलीकडे दाढी करताना कापले की रक्त लवकर थांबत नाही. संबंध असेल काय? धाग्याचा विषय वेगळा आहे, क्षमस्व.

जुना_एमडी (बुधवार, सायंकाळी ६:३३)

अण्णा, विषय अजिबात वेगळा नाही. जादा व्हिटॅमिन ई हे व्हिटॅमिन के च्या कामात आडवं येतं, आणि अ‍ॅसिट्रॉमही तिथेच घाव घालतं. दोघं मिळाले की रक्त अपेक्षेपेक्षा पातळ होऊ शकतं. कॅप्सूल आज घेऊ नका, उद्या सकाळी आयएनआर करा आणि रिपोर्ट घेऊन तुमच्या हृदयाच्या डॉक्टरांना भेटा. अ‍ॅसिट्रॉमचा डोस स्वतः हलवू नका. शेव्हिंगसाठी तोवर इलेक्ट्रिक रेझर. व्यनि (व्यक्तिगत निरोप) केला आहे.

वाडीचा_वैद्य (बुधवार, रात्री ९:१०)

चर्चा वाचली. सगळं पाश्चात्त्य चष्म्यातून चाललंय. हळद आणि गुळवेल आपल्याकडे हजारो वर्षं वापरात आहेत. बाबांना असली परदेशी रसायनं देण्यापेक्षा अंगणातली गुळवेल उकळून द्या, लिव्हर आठ दिवसांत जागेवर येईल.

आकडेमोड (बुधवार, रात्री ९:२२)

नको! नाचणीसत्व, सध्या नवीन काहीही सुरू करू नका.

कोविडच्या काळात, २०२० च्या सप्टेंबर ते डिसेंबरात, मुंबईतल्या यकृततज्ज्ञांना असे सहा रुग्ण मिळाले ज्यांनी प्रतिकारशक्तीसाठी गुळवेल घेतली होती आणि यकृताला सूज घेऊन आले. त्यात स्वतःच्याच प्रतिकारशक्तीने यकृतावर हल्ला करण्याच्या आजाराची लक्षणं दिसली. त्यानंतर देशभरातल्या रुग्णालयांनी मिळून ४३ रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. हा अंगणातल्या वेलीवरचा लेख आहे, परदेशी चष्मा नव्हे.

वाडीचा_वैद्य (बुधवार, रात्री १०:४७)

आयुष मंत्रालयाने त्या निष्कर्षांवर आक्षेप घेतला होता, तेही लिहा. गुळवेलीसारखीच दिसणारी दुसरी जात बाजारात सर्रास येते, आणि लोकांनी त्या काळात मूठमूठ काड्या तीन वेळा उकळून प्यायल्या. मात्रा कोणी ठरवली? व्हॉट्सअ‍ॅपने.

तरी रागाच्या भरात ‘आठ दिवसांत’ लिहिलं ते मागे घेतो. रुग्ण न पाहता द्रव्य सुचवणं माझ्याही शास्त्राला मान्य नाही. आणि खरं सांगायचं तर त्या तिसऱ्या बाटलीला मी हळद म्हणणारच नाही. आमच्याकडे द्रव्याबरोबर मात्रा, अनुपान, काळ, रुग्णाचा अग्नी असं सगळं येतं. अर्क काढून कॅप्सूलमध्ये कोंबला की त्यातलं काय उरलं?

जुना_एमडी (गुरुवार, सकाळी ६:५०)

वैद्यराज, इथे तुमचं-माझं जमलं. नेमका हाच मुद्दा आहे.

भाजीत चिमूटभर हळद पडते, तीत कर्क्युमिन वजनाच्या तीनेक टक्के. तेही आतड्यातून फारसं शोषलं जात नाही, जे जातं ते यकृत लगेच बाहेर फेकतं. ही शरीराची कडी आहे. १९९८ मध्ये बंगळूरच्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजमधल्या संशोधकांनी दाखवलं, की २ ग्रॅम कर्क्युमिनबरोबर २० मिग्रॅ पिपरिन, म्हणजे मिरीतलं तिखट द्रव्य दिलं, तर माणसांत त्याची उपलब्धता २००० टक्क्यांनी वाढते. कंपन्यांनी हा आकडा बाटलीवर मिरवला. पण कडी काढली की जे आत येतं ते तपासायचं कोणी? हळदीच्या गोळ्यांनी यकृताला इजा झालेल्या दहा रुग्णांची अमेरिकेतल्या तज्ज्ञांनी २०२२ मध्ये नोंद केली. त्यातल्या बऱ्याच जणांत एकच जनुकीय खूण सापडली. म्हणजे शंभर जणांना काही होत नाही आणि एकाला होतं, त्यामागे असं कारण असू शकतं. आमटीतल्या हळदीला यातलं काही लागू नाही, आमटी सोडू नका.

आता माझा खरा संशय. नाचणीसत्व, तिसऱ्या बाटलीवर ‘ईजीसीजी’ (ग्रीन टीतलं मुख्य द्रव्य) असा शब्द आणि त्यापुढे आकडा आहे का? आणि सर्व्हिंग किती कॅप्सूलचं आहे ते बघा.

नाचणीसत्व (गुरुवार, रात्री ८:५५)

आईने भिंगातून वाचून दाखवलं, फोनवर, एकेक अक्षर. ईजीसीजी ४०० मिग्रॅ प्रत्येक कॅप्सूलमध्ये. सर्व्हिंग एक कॅप्सूल. बाबा दोन घेत होते, कारण ‘ई च्या दोन आहेत ना, मग सगळ्यांच्या दोन’. आईच्या मते कॅप्सूल उघडली की वाळलेल्या गवतासारखा वास येतो.

आणि अनशापोटी.

जुना_एमडी (गुरुवार, रात्री ९:१८)

मग ८०० मिग्रॅ झाले. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१८ मध्ये ग्रीन टीच्या अर्काचा आढावा घेतला, तेव्हा गोळ्यांतून रोज ८०० मिग्रॅ किंवा जास्त ईजीसीजी घेणाऱ्यांत यकृताची एन्झाइम्स वाढलेली आढळली होती. चहा म्हणून उकळून पिणाऱ्यांच्या पोटात सर्वसाधारणपणे ९० ते ३०० मिग्रॅ जातं, तेही दिवसभरात घोटाघोटाने. रिकाम्या पोटी गोळी घेतली की रक्तातली पातळी आणखी चढते. हळदीच्या इजेत दिसलेली ती जनुकीय खूण ग्रीन टीच्या रुग्णांतही सापडली आहे.

म्हणजे ज्या बाटलीवर ‘लिव्हर सपोर्ट’ लिहिलं होतं, तीच बहुतेक यकृताला नडली. सिद्ध करता येणार नाही, हेही सांगतो. गोळ्या थांबवल्यावर आकडे उतरले तर संशय पक्का होतो, एवढंच. खात्रीसाठी पुन्हा देऊन बघायचं नसतं.

पमा_एडिसन (गुरुवार, रात्री ११:४०)

इथे न्यू जर्सीत या बाटल्या मोठ्या दुकानात तेल-तांदळाच्या पुढच्याच रांगेत असतात, दोन घेतल्या तर तिसरी फुकट. म्हणून भारतात जाताना बॅगेत जातात. मी स्वतः नेल्यात, लाज वाटते आता. १९९४ च्या कायद्याने इथे सप्लिमेंट्सना अन्नाच्या पंगतीत बसवलं. विकण्याआधी एफडीएला, म्हणजे इथल्या अन्न-औषध खात्याला, गुणकारी आहे किंवा सुरक्षित आहे हे सिद्ध करून दाखवावं लागत नाही. ‘यकृताच्या आरोग्यास साहाय्य’ असं लिहिता येतं, फक्त ‘फॅटी लिव्हर बरा करते’ लिहायचं नाही. आणि बारीक अक्षरांत, की हे विधान एफडीएने तपासलेलं नाही.

भाच्याला फार बोलू नका हो. त्यालाही वाटतं, तिकडून काहीतरी मौल्यवान न्यावं.

पळपुटा_धावपटू (शुक्रवार, सकाळी ६:१०)

व्यायाम करणाऱ्यांसाठी एक जोड देतो. जर्मनीत २००९ साली निरोगी तरुणांना चार आठवडे व्यायाम करायला लावला. अर्ध्यांना सोबत सी १००० मिग्रॅ आणि ई ४०० आययू. गोळ्या न घेणाऱ्यांत इन्शुलिनचा उपयोग करून घ्यायची ताकद वाढली. गोळ्यावाल्यांत ती वाढलीच नाही. डॉक्टरकाका वर ‘धूर हा इशारा पण असतो’ म्हणाले, ते हेच. बाबा चालायला जात होते आणि गोळ्याही खात होते म्हणजे...

रानभाजी (शुक्रवार, सकाळी ९:३३)

...एका हाताने कमावलं, दुसऱ्याने उधळलं.

व्हिटॅमिन ए बद्दल कोणीच बोललं नाही. ते निर्दोष का?

चहात_बुडालेलं_बिस्कीट (शुक्रवार, सकाळी ११:१५)

हा माझा प्रांत! १५९७ मध्ये आर्क्टिकमध्ये अडकलेल्या डच खलाशांनी, तो बॅरेंट्स माहितीये ना, त्याच्या टोळीने अस्वल मारून त्याचं काळीज म्हणजे लिव्हर खाल्लं. तिघं इतके आजारी पडले की डोक्यापासून पायापर्यंत कातडी सोलून निघाली. बर्फातल्या अस्वलाच्या यकृतात व्हिटॅमिन ए चा खच असतो. तिथले इन्युइट लोक ते खातच नाहीत. बाबांच्या बाटलीत अस्वल नव्हतं एवढीच काय ती मेहेरबानी.

जुना_एमडी (शुक्रवार, दुपारी १:०२)

बिस्कीटराव, गोष्ट खरी आहे. शरीरातलं बहुतेक व्हिटॅमिन ए यकृतात, ‘स्टेलेट’ नावाच्या पेशींत तेलाच्या थेंबासारखं साठवलेलं असतं. सी जादा झालं तर लघवीवाटे जातं, ए जात नाही, साठतच राहतं. आणि फायब्रोसिसचं जाळं विणणाऱ्या पेशी याच! दीर्घकाळ भरमसाट ए घेतलं तर सिरॉसिसपर्यंत मजल जाते.

पण बाबांच्या बाबतीत न्यायाने बोलायचं तर ३००० मायक्रोग्रॅम म्हणजे १०,००० आययू. प्रौढांसाठी रोजची कमाल मर्यादा हीच. यकृत बिघडल्याच्या बहुतेक नोंदी रोज ४०,००० आययूच्या वर आणि वर्षानुवर्षं घेणाऱ्यांच्या आहेत. बाबांनी ती बाटलीही दुप्पट घेतली असेल तर मर्यादा ओलांडली, पण दोन महिन्यांत एसजीपीटी २१२ करण्याचं काम एकट्या ए चं वाटत नाही. गाजर खाणाऱ्यांनी घाबरू नये. त्यातल्या बीटा कॅरोटिनपासून शरीर हवं तेवढंच ए बनवतं. बीटा कॅरोटिनची गोळी मात्र सिगारेट ओढणाऱ्यांनी टाळा. फिनलंडमध्ये २९,००० धूम्रपान करणाऱ्यांवरच्या चाचणीत ती घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कॅन्सर १८ टक्क्यांनी वाढला होता.

मिरजेचे_अण्णा (शनिवार, दुपारी १२:२०)

आयएनआर ४.६ निघाला. डॉक्टर रागावले. कॅप्सूल बंद, अ‍ॅसिट्रॉमचे त्यांनी काय ते ठरवले आहे, चार दिवसांनी पुन्हा रक्त द्यायचे. एमडीसाहेब, आपले उपकार. पोटऱ्यात गोळे अजून येतात.

जुना_एमडी (शनिवार, दुपारी १२:४१)

वेळेत कळलं हे बरं झालं अण्णा. पोटऱ्यातल्या गोळ्यांचं वेगळं बघू, झोपण्याआधी पोटऱ्या ताणायचा व्यायाम व्यनिमध्ये लिहितो.

नाचणीसत्व (सात आठवड्यांनंतर, रविवार, रात्री ९:३०)

धागा वर काढतेय, कारण काही जणांनी व्यनिमध्ये विचारलं.

गोळ्या बंद केल्यावर तीन आठवड्यांनी एसजीपीटी ११८, परवा ६१. म्हणजे मार्चपेक्षाही खाली. वजन एकूण साडेचार किलो उतरलंय. नाशिकमधल्या पोटविकारतज्ज्ञांना दाखवलं, बाटल्यांच्या पिशवीसकट. त्यांनी ग्रीन टीच्या अर्कावरच बोट ठेवलं, पण ‘बहुधा’ म्हणाले. यकृताचा कडकपणा मोजणारा फायब्रोस्कॅन केला, ६.१ किलोपास्कल, कडकपणा नाही. व्हिटॅमिन ई बद्दल मी आकडेमोड यांचे मुद्दे लिहून नेले होते. त्यांनी वाचले, हसले, म्हणाले डायबेटिसमध्ये नुसत्या ई ची चाचणी झाली आहे, ती मुख्य कसोटीवर उतरली नाही. त्यात बाबांना प्रोस्टेटची वाढ आहे, मी देणार नाही. वजनावरच भर. सात टक्के उतरलं तर सूज, दहा टक्के उतरलं तर जाळंसुद्धा मागे हटू शकतं म्हणे. साखर घातली नाही तर कॉफीला हरकत नाही, हे ऐकून बाबांचा चेहरा उजळला. आणि चिठ्ठीवर त्यांनी मोठ्या अक्षरात ‘रोज ४५ मिनिटे चालणे’ असं लिहून सही-शिक्का दिला. बाबांनी ती चिठ्ठी फ्रिजवर लावलीये. कोरी नव्हती ना!

उरलेल्या ई च्या कॅप्सूल आई टाचणीने टोचून खोबरेल तेलात पिळते आणि केसांना लावते. तेवढं चालेल ना?

जुना_एमडी (रविवार, रात्री ९:५२)

चालेल. कोणाला पुरळ उठतं, तेवढं बघा. बाकी यकृताला त्याचं काही देणंघेणं नाही.

आकडेमोड (रविवार, रात्री १०:०५)

छान बातमी. ई खाऊनच मिळवायचं असेल तर रोजची गरज १५ मिग्रॅ आहे, वीस-बावीस बदामांत सातेक मिळतं. बाकी तेल, शेंगदाणे, पालेभाज्यांतून येतं. ८०० आययू म्हणजे या गरजेच्या पस्तीस पट होतं.

नाचणीसत्व (रविवार, रात्री १०:१४)

अरे वा. आतेभाऊ दिवाळीला परत येतोय, काय आणू विचारत होता. बाबांनी सांगितलं, गोळ्या नकोत, बदाम आण.

पमा_एडिसन (रविवार, रात्री १०:२०)

अहो, नाशिकच्या बाजारातले बदामही कॅलिफोर्नियाचेच असतात!